पहिल्या माशाचा चहा

आमच्या गावचे खुशाल दिघोरे जातीचे ढिवर आणि स्वभावाचे हेकट. हिवाळ्यात पहाटे तलावावर त्यांच्या डोंग्यात मातीची गोरशी असायची, तिच्यात निखारे आणि वर गुळाचा, आलं ठेचून टाकलेला कोरा चहा. पण त्यांच्या घरची रीत अशी, की जाळ्यात पहिला मासा आल्याशिवाय चहा ओतायचा नाही. पूर्वी उकळी फुटायच्या आत मासा यायचा. मग तलावात जलपर्णी माजली आणि मासे संपले. या पौषात तर चहा आटून काढ्यासारखा कडू व्हायचा, आणि हा गृहस्थ तो पाण्यात ओतून कुडकुडत परत यायचा.

डोंगा वल्हवणारी बायको, कलाबाई, चिडायची. "पिऊन घ्या ना जी! कायले थंडीत मरून राहिले?"

"पयला मासा कुठं आला?"

शेवटी काल तिने बाजारातून आणलेला रोहू, त्यांची पाठ वळताच, जाळ्यात अडकवला. खुशालरावांनी जाळं ओढलं. मासा ताठ, डोळे पांढरे. जन्मभर मासे धरलेल्या माणसाला बर्फातला मासा कळणार नाही?

त्यांनी मासा काढून डोंग्यात ठेवला. दोघांसाठी चहा ओतला, फुंकून प्याले. "मस्त झाला," म्हणाले. त्यांना काही कळलं नाही असं समजून कलाबाईनेच मला हे हसत हसत सांगितलं.

आज सकाळी खुशालरावांनी डोंगा काठावर ओढून पालथा घातला होता आणि शेजारी गोरशी फोडून टाकली होती. कलाबाईला अजून पत्ता नव्हता. ती बाजारातून येत होती, पिशवीत उद्यासाठी आणखी एक रोहू घेऊन.