माळावरची सहा भोकं

गॅरेजातल्या जळक्या ऑइलच्या वासानं मला धाराशिवचा माळ आठवतो. निजामी जाऊन संस्थानाचं विलीनीकरण झाल्यावरही साहेब लोक तिथं गोल्फ खेळत. चेंडू घालायची जेमतेम सहा भोकं, अन् दर भोकाभोवती हिरवळीऐवजी ऑइल घालून दाबलेली वाळू. एका भोकात माझ्या मेंढीचा पाय मोडला, तवा म्या सहाही भोकं दगडांनी बुजवली.

"कुणी केलं हे?" सकाळी त्यांच्यातले मोठे साहेब गरजले.

"म्या! उकरलीत तर पुन्हा बुजवीन." आता माळावरची चराई बंद होणार, हे ठाऊक होतं.

साहेबांनी माझ्या खांद्यावरच्या, पाय मोडलेल्या मेंढीकडं बघितलं. म्हणाले, "तुझी मेंढरं चरतात म्हणून तर माळाचं गवत आखूड राहतं अन् त्यात चेंडू सापडतो, बाबा. खेळ झाला की भोकांवर फरशी ठेवीन."

म्या गावात सांगितलं, साहेब भ्याला. खरं तर भ्यालो होतो मीच. कुठल्या साहेबानं आमचं ऐकून घेतल्याचं तोवर कधी पाहिलंच नव्हतं.