साहेबांनी रोज डिलीट केलेली ताई

दुपारपासून लिहितो लिहितो म्हणून टाळून राहिलो. आता लिहितोच.

माझी ताई रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा श्वास सांभाळते. आखातात नोकरी पक्की झाली, परीक्षाही पास झाली. पण तिच्या अनुभवाची खात्री जुन्या साहेबांनी मेलवर दिल्याशिवाय लायसन नाही, अन् लायसनशिवाय व्हिसा नाही. दोन महिने झाले, तिकडून साहेबांना मेल जाऊन राहिले, पण उत्तरच नाही. रिटायर झाले, नंबरही बदलला.

काल त्यांचा पत्ता मिळाला. आज आईनं मले स्कूटरवर साहेबांच्या घरी, कुरुदले पिटाळलं. वाटेत क्रिकेट दिसलं, दोन ओव्हर टाकल्या, मग पोचलो.

साहेब कुंड्यांना पाणी घालत होते. म्हणाले, "अरे, ते विदेशी मेल? मी तर फ्रॉड समजून रोज डिलीट करून राहिलो!"

"सर, फ्रॉड नाही, माझी ताई आहे ती!"

हसत हसत त्यांनी मेल शोधला अन् माझ्यासमोरच उत्तर पाठवलं. ताई तेव्हापासून घरभर नाचून राहिली.

तुमचं काम असं कोणाच्या डिलीटमध्ये अडकलं होतं का?

थांबा, बेल वाजली. अरे, साहेबच आले, पेढे घेऊन! दारातूनच विचारून राहिले, "कुठं आहे ती फ्रॉड?"