करवंटीचा कार्बन

जुने लॅबवाले चहाला जमले की एक किस्सा निघतो, त्याच्या मागून दुसरा, आणि चहा थंड होतो. धारवाडला आमच्या लॅबमध्ये नारळाच्या करवंट्या भाजून आम्ही सच्छिद्र कार्बन करायचो, वायू धरून ठेवणारा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. माणसं चार: सर, शैला, मी आणि अळणावरकडचे लॅब अटेंडंट मारुतीअण्णा.

*

सर पाहुण्यांना ऐकवायचे, "याच्या एका ग्रॅममधली छिद्रं उलगडून पसरली, तर नवनगरातले दोन-चार प्लॉट झाकले जातील!"

मागून अण्णा, "मग मला अर्धा ग्रॅम द्या की सर! भाड्याच्या घरात जन्म गेला."

*

एकदा बाहेरच्या परीक्षकांसमोर डेमो. कार्बनमधून अमोनिया सोडला, वास अजिबात नाही. टाळ्या! ते गेल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "सर, सिलिंडर खाली आगेद री. परवाच संपलाय."



*

शैलाचं पीएच.डी.चं सॅम्पल भट्टीत होतं, तीन महिन्यांची मेहनत. नायट्रोजन मध्येच संपला, हवा शिरली आणि सगळ्याची राख! सर म्हणाले, "पुन्हा कर."

"सर, पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. सासरचे पुढं शिकू देणार नाहीत."

तिनं राख पाकिटात भरली, वर लिहिलं ‘प्रकरण चौथं’, पाकीट सरांच्या टेबलावर ठेवलं आणि गेली. मी तेव्हा हसलो होतो. आज लाज वाटते.

*

अण्णांच्या बायकोला, गंगक्कांना, कॅन्सर झाला. जखमेला इतका वास यायचा की सुनासुद्धा दारातूनच बोलायच्या. सरांनी आमचाच कार्बन कापडी पुरचुंडीत भरून दिला. अण्णांनी ती पट्टीवर बांधली. वास गेला, माणसं जवळ बसू लागली. महिन्याभरात गंगक्का गेल्या.

तेराव्यानंतर अण्णा कामावर आले आणि खिशातली पुरचुंडी ओव्हनपाशी ठेवली.

"सर, तापवलं की हे धरलेलं सोडतंय न्हवं?"

"सोडतं."

"मग तापवा. घरात तिचा कायबी वास उरला न्हाई."

सर खाली बघत म्हणाले, "अण्णा, यात फक्त त्या जखमेचा वास असेल हो."

"जखम तिचीच न्हवं?"

सरांनी स्वतः बटण दाबलं. आम्ही तिघं ओव्हनसमोर उभे राहिलो. नाकाला रुमाल कुणी लावला नाही.