आईचे डोळे घेऊन तपासणीला

मी दहावीत असताना आमच्या घरी पाच दप्तरं होती आणि शाळेत जाणारी मी एकटी, तीही अधूनमधून. गरीब मुलांसाठी काहीतरी करायचं म्हटलं की लोकांना दप्तर सुचतं. त्यावर देणाऱ्याचं नाव मावतं, फोटोत ते उठून दिसतं आणि मूल ते पाठीवर अडकवून लगेच हसतं. आम्हीही हसायचो. घरी आणलं की आई त्यात विड्यांची पत्ती ठेवायची.

आई विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत बहुतेक बायका तेच करायच्या. तेंदूची पत्ती भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं आणि सकाळी विडी कारखान्याच्या शाखेत विड्या देऊन नवी पत्ती आणायची. शेजारणी तेलुगूत बोलायच्या, आई मंगळवेढ्याच्या मराठीत उत्तर द्यायची आणि भांडण दोन्ही भाषांत सारखंच रंगायचं. वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते. तिथलं काम कधी असायचं, कधी नसायचं. त्यांचा राग मात्र बारमाही.

त्यात आईला जवळचं दिसेनासं झालं. गल्लीच्या टोकाला कोण कुणाशी कुजबुजतंय ते तिला बसल्या जागी दिसायचं, पण हातातला दोरा दिसायचा नाही. म्हणून दोरा बांधायला आणि तोंडं मुडपायला मी बसू लागले. शाळा बुडाली. वर्गशिक्षक म्हणाले, हजेरी अशीच राहिली तर बोर्डाच्या परीक्षेला बसता येणार नाही. ते मी घरी सांगितलं.

"मग नको बसू तितं," आई म्हणाली. "हितं बस."

चष्मा लाव म्हटलं की ती अंगावर यायची. गल्लीचा अलिखित कायदाच होता की विडी वळणाऱ्या बाईने चष्मा लावून शाखेत जायचं नाही. विड्या तपासून पत्ती देणाऱ्या चेकरने चष्मा पाहिला की तो म्हणणार, मावशी, आता थकलात, आणि पत्ती कमी करणार. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या अर्ध्या बायका नुसत्या अंदाजाने वळत होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या, मला सुईचं नेढंसुद्धा दिसतं. आमच्या विड्या तर रोज जास्तच बाद व्हायला लागल्या होत्या. आई डोळ्यांना शिव्या देत बसायची.

मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताई आमच्या शाळेत यायच्या. आधी त्यांनी मला शिक्षणाचं महत्त्व समजावलं. ते मला ठाऊक होतंच, माझ्या आईच्या दोऱ्याला ते ठाऊक नव्हतं. मग एक दिवस त्यांनी शाळेत नेत्रतपासणी ठेवली. विद्यार्थ्यांना चष्मे फुकट. हे कळताच आईचा चेहरा उजळला.

"तू जा. मला कसं दिसतंय ते तुजं म्हणून सांग. चष्मा मिळंल. लावणार कोण, त्यास्नी काय करायचंय?"

तिने माझी तालीमच घेतली. हात लांब धरला की अक्षर दिसतं. जवळ आणलं की कालवतं. दोरा एकाचे दोन दिसतात. दुपारनंतर डोकं ठणकतं. डॉक्टरांसमोर मी सगळं न अडखळता म्हणून दाखवलं. डॉक्टर वयस्कर होते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि लांबचं?" त्यांनी विचारलं.

लांबचं काय सांगायचं ते आईने शिकवलं नव्हतं. मी समोरच्या तक्त्यावरची सगळी अक्षरं वाचली आणि खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. "बाळ, तुला चाळिशी लागलीय. पंधराव्या वर्षी. हे डोळे कुणाचे घेऊन आलीस?"

मी तिथेच भोकाड पसरलं. "आईचे," म्हटलं, आणि मग चेकर, पत्ती, हजेरी, सगळंच ओकून टाकलं.

"सर, आपला प्रकल्प मुलांसाठी आहे," ताई म्हणाल्या. "पालक त्यात बसत नाहीत."

"मग या मुलीला काय देणार?"

ताईंनी मागे वळून पाहिलं. मागे दप्तरं रचून ठेवली होती. त्या बिचाऱ्या लाजल्या. बाई वाईट नव्हत्या. आईचा जीव मेटाकुटीला आलेला असताना पोराला दप्तर देणं म्हणजे गाय आजारी असताना वासराच्या गळ्यात घुंगरू बांधणं, हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. तपासणी संपल्यावर त्या डॉक्टरांना आणि त्यांच्याकडचं, जवळचं दिसायच्या चष्म्यांचं खोकं घेऊन आमच्या घरी आल्या. शाखेपासून लांब, म्हणजे चेकरची भीती नाही. आईला बघायला म्हणून शेजारणी जमल्या आणि बघता बघता रांगेत उभ्या राहिल्या. घरात लावायचा, शाखेत जाताना कमरेला खोचायचा, असं बायकांनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

आईने चष्मा चढवला. सूप मांडीवर ओढलं आणि मी सकाळी मुडपलेली एक विडी उचलली. मग दुसरी. मग मूठभर उचलून उजेडात धरल्या.

"ही तू केलीस?"

"व्हय."

"समद्या?"

मी मान हलवली. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की डॉक्टरसुद्धा मागे सरकले.

"अगं भवाने! तोंडं उघडी, दोरा ढिल्ला, निम्मी तंबाखू भाईर. तुज्या हातामुळं माल बाद हुतोय की! आन् मी माज्या डोळ्यास्नी शिव्या देतीया." तिने माझ्यापुढचा दोरा हिसकावला. "ऊठ. परत सुपाला हात लावलास तर बोटं मोडीन. हितं तुजं काय काम न्हाय. जा शाळंला!"

इतकं गोड मला त्याआधी कुणी काही बोललं नव्हतं. रडू येत होतं आणि हसूही. शाळा सुटायची वेळ झाली होती, तरी मी पळत गेले.