तिच्या पायातलं जोडवं

त्या काळात मी रोज सकाळी दत्तमहाराजांसमोर बसत होतो आणि काय मागतो ते कुणालाच खरं सांगितलं नाही. लोकांना वाटे, बायकोच्या पायासाठी मी देवाला साकडं घातलंय. मी मागत होतो ते माझं स्वतःचं आयुष्य.

आम्ही उंब्रजचे. पंच्याण्णव सालच्या आसपासची गोष्ट. माझी बायको शेजारच्या वाडीतल्या बालवाडीत शिकवायला पायी जायची. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढत गेलं आणि अंगठा वाकून शेजारच्या बोटावर चढला. त्या बोटातलं चांदीचं जोडवं मांसात रुतलं. सांगलीच्या एका डॉक्टरांनी पाय पाहिला. मोठी चिरफाड न करता, बारीकशा छिद्रातून हाड कापून अंगठा सरळ करायची नवी पद्धत ते नुकतेच शिकून आले होते. दुसऱ्या दिवशी टाच टेकून चालता येईल, म्हणाले. बायकोचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. फक्त आधी जोडवं कापून काढायचं आणि तिथली जखम सुकू द्यायची, कारण उघडी जखम असताना हाडाला हात लावता येत नाही.

मी नको म्हणालो. माझ्या वहिनीचं जोडवं धुणं धुताना तुटलं होतं आणि त्याच महिन्यात थोरला भाऊ गेला होता. मला मरणाची भीती वाटली. पण डॉक्टरांसमोर मी रीतीरिवाजाचं नाव पुढे केलं, सवाष्णीचं जोडवं कापत नाहीत म्हणालो. बायकोनं मुकाट्यानं चप्पल घातली. पुढचे पाच महिने मी तिच्या जखमेत हळद भरली, अंगारा लावला, आणि ते बोट माझ्या डोळ्यांदेखत काळं पडलं.

पुन्हा सांगली गाठली तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात, आता बोट राहील की नाही सांगता येत नाही, आणखी थांबलात तर पाऊलही जाईल. त्यावर मी काय विचारलं, ते लिहितानाही लाज वाटते. जोडवं न कापता काही करता येईल का, असं मी विचारलं. ते पुढच्या खाटेकडे निघून गेले. मी दवाखान्यात बायकोच्या खाटेच्या कडेला बसून राहिलो. देवाचं नावही तोंडातून निघेना.

शेजारच्या खाटेवर तासगावकडची एक विधवा म्हातारी होती, मनगट मोडलेली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "माजी जोडवी बेचाळीस वर्सं पायात हुती. बाळंतपणातबी काढली न्हाईत. तरी मालक गेलंच की. तुमचं आयुष्य त्या पोरीच्या बोटात कशाला अडकवून ठिवलंय?"

मी उठलो आणि संमतीच्या कागदावर सही केली.

जोडवं निघालं की त्याच्या जागी हळदीचा दोरा असावा, म्हणून म्हातारीनं परिचारिकेकडून दोरा मागवला, हळदीत भिजवला आणि माझ्यापुढे धरला. विधवेनं तो बांधायचा नसतो, हे तिला माहीत होतं. बायकोनं तिच्याकडेच पाय केला. "तुमीच बांधा, मावशी." एक टोक बायकोनं धरलं, दुसरं म्हातारीनं धड हातानं, आणि घोट्यावर गाठ बसली.

बोट वाचलं नाही. ती जखम भरल्यावर, दोन महिन्यांनी, डॉक्टरांनी छिद्रातून अंगठा सरळ केला. अर्ध्या तासाचं काम. तांदळाच्या दाण्याएवढा व्रण राहिला. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तिचं बोट घालवलं. बालवाडीवर तोवर दुसरी बाई आली होती.

घरी आल्यावर एका दुपारी मी तिला माझ्या भीतीचं सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"ठावं हुतं मला," ती म्हणाली. "तुमी लय भ्याला हुता. म्हणून तर गप ऱ्हायले."

घरातला भक्त मीच, असा माझा समज होता. ज्या बाईला आमच्या घरी हळदीकुंकवाला बोलावलं नसतं, तिच्या तोंडून महाराज बोलले, असं मी मानतो. कुणी मानलं नाही, तरी हरकत नाही. आता त्यांच्यासमोर बसलो की मी आयुष्य मागत नाही. ते त्यांचं आहे, हवं तेव्हा न्यावं. बायको थोडी लंगडत चालते. मी तिच्या मागून, तिच्याच चालीनं चालतो.