सलीमभाईंकडची आमची भाऊबंदकी

सलीमभाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी पायात चप्पल सरकवून त्यांच्याच प्रेसकडे निघालो होतो. मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायचं होतं. खरं सांगतो, रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता पत्रिकेचं काय? त्याची लाज अजून वाटते...

आमच्या चोपड्यात पत्रिका म्हणजे नुसतं आमंत्रण नाही. सगळी भाऊबंदकी मानाप्रमाणे छापावी लागते. एक नाव राहिलं की अख्खं घर मांडवाकडे पाठ फिरवतं. माझ्या वडिलांनी सांगितलेली सव्वाशे नावं सलीमभाईंनी एकदा संगणकात घातली. मग दर लग्नाला कोण गेलं, कोण कर्तं झालं, ते स्वतःच विचारून दुरुस्त करत राहिले. प्रूफ हातात देताना म्हणायचे, "भाऊ, बठ्ठा शेतस ना?" सगळे आहेत ना, एवढीच त्यांना काळजी. पुतण्याच्या पत्रिकेत माझं नाव धाकट्या चुलतभावाच्या खाली गेलं, तेव्हा मी भर दुकानात त्यांना नाही नाही ते बोललो. वर्षभर प्रेसची पायरी चढलो नाही. शेवटी तेच घरी आले. "दिगूभाऊ, चूक माझीच. आता चहा तरी पाजाल की नाही?"

ते गेले आणि आठवड्यात दुकानातला जुना संगणकही बंद पडला. नव्यावर तो पत्रिकेचा प्रोग्राम काही केल्या चालेना. दुरुस्तीवाला म्हणाला, नवीन टाइप करा. अरे, काय टाइप करा? जुनी पत्रिकाही कोणी जपलेली नाही. वडील नाहीत, सलीमभाई नाहीत. कोणाचं नाव कोणाच्या वर, हे मी कोणाला विचारू? लग्न तोंडावर आलेलं, माझी झोप उडाली.

चाळिसावा झाल्यावर सलीमभाईंची मुलगी रेहाना जुनी डिस्क घेऊन आपल्या लॅपटॉपसमोर बसली. ती जळगावला नोकरी करते.

"काका, प्रोग्राम विंडोजचा आणि माझं मशीन लिनक्सचं. मध्ये एक दुभाषी बसवते. प्रोग्राम मागेल ते तो माझ्या मशीनकडून आणून देईल."

"आणि प्रोग्रामला कळलं की घर परकं आहे, तर?"

"कळूच द्यायचं नाही."

दोनदा पडदा काळा झाला. मग नावांच्या जागी नुसते चौकोन आले. तिने अब्बांचे जुने फॉन्ट शोधून घातले, आणि... हुश्श! सगळ्यात वर आमचे थोरले आबा, त्यांच्याखाली मुक्ताईनगरचे काका, सगळे आपापल्या जागी. जीव भांड्यात पडला. अडलेलं रडू तेव्हा आलं.

एकेक नाव वाचत शेवटच्या पानावर पोचलो. ते छापायचं पान नव्हतं. वर लिहिलं होतं, 'रुसणारे'. खाली पाचसहा नावं, पहिलं माझं. पुढे सलीमभाईंची सूचना: 'दिगूभाऊ. आधी चहा, मग प्रूफ.'

रेहाना ओशाळली, ते पान पुसायला निघाली.

"हात लावू नको त्याला," मी म्हणालो. "आधी चहा सांग, पोरी. मग प्रूफ काढ."