खळ्यावरची सभा

आमच्या गावात मत घराघरात ठरत नाही. निवडणूक लागली की एका संध्याकाळी पुरुषमंडळी देवळात बसतात, घसा बसेपर्यंत भांडतात आणि शेवटी गावकीचा अध्यक्ष देवापुढे नारळ ठेवतो. ज्याच्या नावाने नारळ ठेवला त्याला गावाचं मत. मग कोणी फुटायचं नाही. फुटला आणि कळलं, तर त्याच्या घरच्या लग्नाला गाव जात नाही, मयताला खांदा मिळत नाही. कायद्याने आता असं करता येत नाही म्हणतात. म्हणून ‘वाळीत टाकलं’ असं कोणी तोंडाने बोलत नाही. फक्त बोलावणं बंद होतं.

मागच्या लोकसभेच्या वेळचं लिहिते आहे. हे कोणाला वाचायला द्यायचं नाही. बोलता येत नाही म्हणून लिहिते, एवढंच.

देवळाकडून समुद्रावर उतरलं की आमचं खळं. होड्या पुरुषांच्या आणि खळं बायकांचं, अशी आमची वाटणी आहे. बांबू रोवून वर दोऱ्या ताणायच्या, त्या मांडणीला आम्ही वलांडी म्हणतो. ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करायची आणि दोरीवर टाकायची. खालची जमीन शेणाने सारवून तिच्यावर जवळा पसरायचा. दसऱ्यानंतर सुरुवात होते ती पाऊस तोंडावर येईपर्यंत. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा ही सुकी मासळी बाजारात नेऊन घरं चालतात. गावात असा वारा दुसरीकडे कुठे लागत नाही. पण कागदावर ती जागा सरकारची. माझ्या सासूच्या सासूने तिथे बोंबील वाळवले, त्याचा कागद कोण करतो?

वैशाखाचे दिवस होते. खळं बोंबलांनी भरलेलं होतं. प्रचाराची गाडी आली आणि वाळूत पत्रकं टाकून गेली. त्यात एक जाहीरनामा होता, जाड गुळगुळीत कागदाचा. आमच्या वयाच्या बायकांत मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. चार जणींत मला आवाज फुटत नाही, पण खळ्यावर हात चालू असले की फुटतो. मी वाचत होते आणि बाकीच्या जोड्या अडकवत होत्या.

“सागरी महामार्ग,” मी वाचलं. “नील अर्थव्यवस्था.”

“नीळ?” सासू म्हणाली. “धोतराला घालायची?”

“न्हाय आये. समुद्राचा धंदा म्हणायचंय त्यांना.”

“मग तसा लिवाचा ना. पुढं?”

“युवकांना कौशल्य. महिलांचं सक्षमीकरण.”

“तो काय असतो?”

“बायकांना ताकद देणार.”

शेजारची जाऊ मोठ्याने हसली. “ही टोपली उचलायला येतील काय? लई ताकद हाय तर या म्हणावा.”

“बोंबलाचा काय लिवलंय ते बघ,” सासू म्हणाली.

मी सगळी पानं पाहिली. मासळी हा शब्द होता, निर्यातीच्या परिच्छेदात. खळं नव्हतं. वाळवणं नव्हतं. “न्हाय लिवलं,” मी म्हटलं. सासूने तो कागद माझ्या हातून घेतला, उलटसुलट केला आणि जवळ्याच्या टोपलीखाली घातला. कागद चांगला होता, पाणी आत जात नव्हतं.

त्याच संध्याकाळी देवळात बैठक झाली. बायकांनी बाहेरच्या कट्ट्यावर बसायचं, ऐकायचं, असा रिवाज. आत नेत्यांवरून जुंपली होती.

“देश सांभालायला मानूस खमक्या लागतो.”

“देश सांभालतो, आनि डिझेलचा परतावा कोन सांभालनार? दोन वर्सा झाली, आला काय तुझ्या खात्यात?”

“तुमच्या नेत्याचा पक्षच फुटला. जो आपला पक्ष राखू शकला न्हाय तो तुझी जेटी राखनार?”

“फुटला न्हाय, फोडला!”

“आरं पन चिन्ह कनचा? मागल्या टायमाला ज्याच्यावर मारला तो चिन्ह आता दुसऱ्याकडं गेलाय. म्हातारी मानसा चुकीचा बटन दाबनार, ते बघा पयला.”

यावर सगळे हसले आणि पुन्हा भांडू लागले. कोणी जाहीरनामा आणला होता, कोणी मोबाइलवर भाषण लावलं होतं. मी ऐकत होते. दिल्लीपासून मुंबईपर्यंत सगळ्यांचा हिशेब त्यांनी मांडला. कट्ट्यापासून हाकेवरचं खळं कोणाच्या तोंडी आलं नाही.

शेवटी सासू उठून दारात गेली. गावकीचा अध्यक्ष तिचा पुतण्या, माझा मोठा दीर लागतो. “नाना, खल्याचा काय? सिमेंटचा ओटा, एक नळ नि वर जाळी. कावले नि कुत्रे अर्धा माल खातात. दर टायमाला सांगतंव.”

“मागणीत घालतो, काकी.”

“घातला का?”

“घातला म्हणलो ना! बसा आता.”

नारळ ठेवला गेला. आम्ही बाहेरून हात जोडले. घरी येताना सासू खुशीत होती. ओटा कुठल्या बाजूने असावा, पाण्याला उतार कसा द्यावा, हे ती मला सांगत होती.

दोन दिवसांनी निरोप आला की ज्याच्या नावाने नारळ ठेवला तो उमेदवार स्वतः येणार आणि सभा खळ्यावर घ्यायची. दुसरीकडे एवढी माणसं मावणार नव्हती. “तेवढा खला मोकला करा,” दीर येऊन सांगून गेले, “आनि वास जायला फिनेल टाका.”

“फिनेल?” सासू भडकली. “उद्या तिथं जवळा पसरायचाय. लोकांना फिनेलचा जवळा खायला घालू?”

फिनेल टळलं, बाकी सगळं झालं. बोंबील अर्धे ओले होते. ते उतरवून घरात पाटीत ठेवले तर आंबतात, हे गावातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक आहे. तरी उतरवले. मांडव घालायचा म्हणून बांबू उपटले, दोऱ्या गुंडाळल्या. आम्ही बायकांनी पहाटे उठून खळं झाडलं, खवलं न् खवलं वेचलं, पुन्हा सारवलं. जावेने कडेने रांगोळी काढली. साहेब आपल्या दारात येतात म्हटल्यावर कोणी पसारा दाखवतं का? सासूने तर खास सांगितलं, साहेब आले की त्यांना दाखवायचं, आमचं खळं असं, इथं ओटा बांधून द्या.

साहेब उन्हं कलल्यावर आले. हार झाले, घोषणा झाल्या. भाषणात आधी दिल्ली झाली, मग विरोधकांना शिव्या झाल्या. मग ते थांबले, चौफेर पाहिलं आणि म्हणाले, “एवढी सुंदर, स्वच्छ, मोकळी जागा! समोर समुद्र! आणि ही वर्षानुवर्षं अशीच पडून आहे. मुंबईचा माणूस गाडी काढून अलिबागला येतो, रेवदंड्याला जातो, तुमच्याकडे का येत नाही? गाडी लावायला जागा नाही म्हणून! मी शब्द देतो, इथं वाहनतळ होणार. बाक, दिवे, पेव्हर ब्लॉक, सगळं होणार. निवडून आल्यावर पहिलं काम हे.”

पुढच्या रांगेत दिरांनी टाळ्या वाजवल्या. मग मांडवभर वाजल्या. बायकांनीही वाजवल्या, मीही वाजवल्या. पुढे वाजल्या की मागे वाजवायच्या, एवढंच आम्हाला माहीत.

सासूला नीट ऐकू गेलं नव्हतं. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. “ओट्याचा बोलला काय गे?”

“न्हाय. इथं गाड्या उभ्या करणार म्हणतो.”

“आज?”

“आज न्हाय, आये. कायमच्या.”

ती टाळी वाजवायची थांबली. बाकीच्या अजून वाजवत होत्या.

घरी पाट्या उघडल्या तेव्हा बोंबील पिवळे पडून चिकट झाले होते. ते आम्ही खाडीत टाकले.

दुसऱ्या दिवशी सासू देवळात गेली आणि मी तिच्या मागे. दिरांसोबत चारपाच जण बसले होते, माझा नवराही होता.

“नाना, तू त्याला सांगितला न्हाय, हा आमचा खला हाय म्हणून?”

“काकी, एवढा मोठा मानूस बोलतो, त्यात मधी तोंड घालतात काय?”

“मग नंतर सांगाचा.”

“नंतर त्यांना पुढं तीन सभा होत्या.” मग ते जरा चिडले. “आनि तुमीच खला झाडूनपुसून आरशासारखा करून ठेवलात. बोंबील असते तर दिसले असते त्यांना.”

मी लग्न होऊन आल्यापासून दिरांसमोर बोलले नव्हते. चहा दिला की पदर सावरून आत जायचं, असं माझं. पण त्या दिवशी माझ्याकडून निघालं. “तुम्हीच काढायला लावलेत. ती जागा मोकळी नाही.”

आवाज बारीक होता, पण देवळात घुमला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मग एक जण हसला. “आयला, हिला बोलता येता! पुढल्या खेपेला हिलाच उभी करा.” बाकीचे हसले. दीर माझ्याशी बोललेच नाहीत. ते नवऱ्याला म्हणाले, “दिवालीनंतर पोरीचा लगीन ना रे तुझ्या?” एवढंच. नवऱ्याने मान खाली घातली.

“पार्किंग झाला तर बायांचाच फायदा हाय,” दुसरा समजुतीने म्हणाला. “वडापाव लावा, सरबत लावा.”

“आनि बोंबील कुठं लावू? तुझ्या डोक्यावर?” सासू म्हणाली.

“नारल ठेवलाय, काकी. आता फिरवता येत न्हाय.” आणि दीर उठले.

मला वाटलं होतं, दुसऱ्या पक्षाला तरी आमची गरज असेल. त्यांचीही गाडी आली. भोंग्यातून बाई ओरडत होती की विरोधकांचं वाहनतळ अपुरं आहे, आमचं दुमजली असेल, शौचालयासकट. ते ऐकून जाऊ खो खो हसत सुटली. मग डोळे पुसायला लागली ते थांबेना.

मतदानाच्या दिवशी गावकीने रिक्षा लावल्या होत्या. सासू सकाळीच खळ्यावर गेली. आम्ही बांबू पुन्हा रोवले होते आणि नव्या मालाच्या जोड्या टाकल्या होत्या. रिक्षा खळ्याच्या तोंडाशी येऊन थांबली. “आजी, चल, मत द्यायचाय.”

“माजा मत नान्याने दिला देवलात. मी काय करू येऊन? मना बोंबील उलटायचेत.”

तिची खूप मनधरणी झाली. साडी चांगली नेस, बोटाला शाई लागेल, फोटो काढू. ती गेली नाही. म्हातारी म्हणून तिला कोणी काही बोललं नाही. मी म्हातारी नव्हते आणि मला मुलीचं लग्न काढायचं होतं. मी गेले.

शाळेत पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र होतं. मी सगळी नावं वाचली, वरून खाली, सावकाश. घाई करायला तिथे कोणी नव्हतं. शेवटचं बटण होतं, यांपैकी कोणीही नाही. ते दाबलं. आवाज झाला आणि मी बाहेर आले. दीर दारापासून लांब खुर्ची टाकून बसले होते. त्यांना मी नेहमीसारखा वाकून नमस्कार केला.

साहेब निवडून आले. गावात फटाके झाले. मग कोणीतरी शहरातून बातमी आणली की आमच्या केंद्रातली काही मतं शेवटच्या बटणावर निघाली. देवळात पुन्हा बैठक. नारळ ठेवलेला असताना हे कोणी केलं? एकमेकांची उणीदुणी निघाली, जुनी जाळ्यांची भांडणं निघाली. दिरांनी शेवटी ठरवलं की हे बाहेरगावाहून आलेल्या सुनांचं काम आहे, त्यांना गावाची रीत कळत नाही. कट्ट्यावर आम्ही सगळ्या बाहेरगावाहून आलेल्या सुनाच बसलो होतो. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. ती मतं कोणाची ते गावाला कळलं नाही. मलाही कळलं नाही, माझं सोडून.

दिलेला शब्द साहेबांनी पाळला. मी ऐकलेला हा एकच शब्द, जो खरा झाला. पाऊस सरल्यावर जमीन सपाट करायचं यंत्र आलं. आम्ही बांबू आधीच काढून नेले, मोडायला नकोत म्हणून. म्हणजे त्या दिवशीही खळं मोकळंच दिसलं. पेव्हर ब्लॉक बसले, लाल आणि राखाडी. शनिवार-रविवारी गाड्या असतात, बाकी दिवस कुत्री झोपतात. सासूने घराच्या पत्र्यावर बोंबील टाकून पाहिले. वरून ऊन, खालून पत्रा. ते वाळत नाहीत, शिजतात. रस्त्याकडेला टाकले तर धूळ बसते. मुलीचं लग्न झालं, सगळं गाव आलं. दीर जेवून, पान खाऊन, आशीर्वाद देऊन गेले.

आता होडीचे बोंबील ओलेच व्यापाऱ्याला जातात, तो सांगेल त्या भावाने. सुके मी गुजरातहून आलेले घेते, पोत्यात भरलेले, आणि पावसाळ्याआधी माणगावच्या बाजारात नेऊन बसते. परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं, दरवर्षी घेणारी बाई. तिने एक बोंबील नाकाशी धरला, मोडून पाहिला.

“तुमच्याच खळ्यावरचे ना?” तिने विचारलं. “दुसऱ्यांचे आमच्याकडे कोणाला आवडत नाहीत.”

मी “व्हय” म्हटलं आणि वजन करून दिले.